शेवाळाचं सूप

आमच्याकडे बाळंतिणीला समुद्रशेवाळाचं सूप देतात.
तीन आठवडे, तिन्ही त्रिकाळ, काळंहिरवं, बुळबुळीत,
दूध उतरावं म्हणून.
आणि आमच्याकडेच, कोणी परीक्षेत आपटलं
किंवा बढतीच्या यादीतून गळलं
तर म्हणतात, शेवाळाचं सूप प्यायला बिचारा.
पाय घसरला, एवढाच अर्थ.

शंभराव्या दिवशी सासूबाई पुन्हा पातेलं भरून आल्या,
सोबत तांदळाच्या पांढऱ्या वड्या, शेजाऱ्यांना वाटायला.
मी पहिला घोट घेतला आणि फोन थरथरला.
गोदीच्या ग्रुपवर यादी:
तपासणी विभाग, पथकप्रमुख, प्यो गी-थे.
खाली अठ्ठावीस जणांच्या टाळ्या.
मीही एक वाजवली, अंगठ्याने.
दुसऱ्या हातावर बाळ होतं.

गी-थेला मीच शिकवलं.
पोलादावर जेल कसं पसरायचं, मनगट कसं सैल ठेवायचं.
कानाला न ऐकू येणारा आवाज आत जातो,
तळाला आपटून परत येतो.
वेळेआधी आला, तर समज, वाटेत पोकळी आहे.
मला सातवा महिना होता तेव्हा.
त्याच आठवड्यात दवाखान्यातल्या मुलीने
माझ्या पोटावर तसंच गार जेल लावलं
आणि म्हणाली, ही बघा, टाच.

साहेबांना फोन केला. साहेब कनवाळू माणूस.
म्हणाले, तुम्ही आत्ता छान विश्रांती घ्या.
(आमच्या भाषेत या रजेच्या नावातच विश्रांती आहे.
नाव ठेवणारा रात्रभर झोपलेला असणार.)
म्हणाले, अहो, सूत्र असतं. वर्षाच्या गुणांची सरासरी.
तुमचे चार महिने कोरे.

कोरे म्हणाले. बेरजेत शून्य धरले.
अकरा वर्षं मी पोलादाचे जोड वाचते,
कोरं कुठलं आणि पोकळ कुठलं
हे सांगण्याचाच मला पगार मिळतो.
पण मी हो म्हणाले. बरोबर आहे म्हणाले.
वर आभारी आहे, असंही म्हणाले.
ते का म्हणाले, अजून कळलेलं नाही.

गी-थेने लोकरीचे मोजे पाठवले, पिवळे, जरा मोठेच.
चिठ्ठीत, सगळं तुमच्यामुळे, सीनियर.
खोटं लिहिणारा मुलगा नाही तो.
नालायक असता तर मला किती सोपं गेलं असतं.

गेल्या मंगळवारी, रात्री तीन वाजून गेलेले.
नवरा रात्रपाळीला, खिडकीत क्रेनचे लाल दिवे.
फोनवर यंत्राच्या पडद्याचा फोटो आला.
सीनियर, जाग्या आहात? सकाळी जहाजाचे मालक येतायत.
ही मळी आहे की चीर?

मी फोन पालथा ठेवला.
कोरं, म्हटलं. विश्रांती.
बाळ चुटूचुटू ओढत होतं, मूठ माझ्या गळपट्टीत अडकवून.
त्या टाकीत उणे एकशे त्रेसष्ठ अंशांचा वायू भरणार,
आणि तिच्यामागे, भिंतीपलीकडे,
तीसेक खलाशी घोरत पडणार, त्यातल्या कोणाचं तरी
असंच काहीतरी घरी असणार.
त्यांनी काय माझं घोडं मारलंय?

फोन सुलटा केला.
मळीचा प्रतिध्वनी विस्कटलेला असतो,
न विंचरलेल्या केसांसारखा.
हा सरळ उभा होता. एकच टोक, स्वच्छ.
लिहिलं, चीर आहे. उकरा.
त्याने वाकून नमस्कार करणारं अस्वल पाठवलं.

माझ्या उशाशी एक वही असते.
नर्सने सांगितलंय, नोंद ठेवा,
कधी पाजलं, कुठल्या बाजूने, किती वेळ.
दिवा न लावता पेन्सिल चाचपली.

३.१२. डावी. अकरा मिनिटं.
३.२४. जोड ४०७. खोली चौदा मिलिमीटर. चीर.
३.३१. उजवी. ढेकर नाही.