चिठ्ठी

लेस्टरबाहेर, कौन्सिलच्या मळ्यात, वाफा नंबर चौदा.
मॅव्हिसच्या बिस्किटांच्या डब्यात घेवड्याच्या अकरा पुड्या:
ठिपक्यांचा, जांभळा,
एक तर थेट कावळ्याच्या डोळ्यासारखा.
शनिवारी प्रदर्शन. म्हणाली,
तुझ्या भाषेतही लिही ना, वेगवेगळे आहेत म्हणून.

लिहायला काय.
'विविध' लिहिलं, तर रेडिओ लागल्यासारखं वाटलं.
'भिन्न'मधले दोन न चिकटून उभे,
तरी अर्थ फारकतीचाच. खोडलं.
'नाना' म्हटलं की मागून 'तऱ्हा' येतात
आणि कपाळावर आठी.
'निरनिराळे' लांब, चिठ्ठी तिकिटाएवढी.
'वेगळे'पाशी हात थांबला.
आमच्याकडे वेगळे झाले म्हणजे दुसरी चूल.
बाबा आणि दत्तूकाका, विहीर एकच,
पाणी भरायच्या वेळा दोन.

मॅव्हिस थर्मासचं झाकण पुसत होती.
माझा भाऊ डर्बीला असतो, म्हणाली.
पुढे काही नाही.

मग सापडला: वाण.
बियाण्याचा. कातडीचा.
संक्रांतीला हातावर ठेवतात, तेही.
वाण पडते म्हणजे कमी पडतं,
हे तिला सांगितलं नाही.

लिहून दिलं: घेवड्याचे अकरा वाण.
शनिवारी टेबलावर मोजले. दहाच.

कावळ्याचा डोळा
माझ्या कोटाच्या खिशात निघाला,
घरी आल्यावर.