छाट

वखारीच्या माडीची किल्ली माझ्या कनवटीला असते.
पाचला कुलूप काढते, खिडक्या उघडते,
तंबाखू जात नाही.
वीस वर्षं इथं पोतं पडलं नाही,
तरी भिंती अजून शिंकायला लावतात.
पहिल्या दिवशी सगळ्या पोरी शिंकल्या
आणि शिंकता शिंकता हसल्या.
निपाणीत पोरींचं एवढं मोठ्यानं हसणं
छपराखाली मी ऐकलं नव्हतं.

दारावर कमते मॅडमनी दोन भाषांत लिहिलंय:
फक्त मुलींसाठी.
संपदाचा धाकटा भाऊ जिन्यात बसतो.
"मला का नको?"
बाबा, तुला चौक आहे, पानपट्टीचा बाक आहे,
तळ्याचा काठ, अख्खं मैदान आहे.
ह्यांना दीड तास आहे.
तो गप्प होतो, मग चपला मोजत बसतो.
एकोणीस जोड.

सोमवारी ओरडायचं असतं.
खरंच. एका भिंतीशी उभं राहून
समोरच्या भिंतीला आपलं नाव सांगायचं.
तस्लीम मुल्लाचं नाव तीन सोमवार
अर्ध्या खोलीतच पडत होतं.
बुधवारी बल्ब, तारा, कुणाचा तरी जळका मिक्सर.
स्क्रू हरवला की झाडू माझ्या हातात.
शुक्रवारी हिशेब.

हिशेब मला येतो. चाळीस वर्षं वळल्या,
हजार झाल्या की बोटंच सांगतात.
पण छाट आम्ही कधी मोजली नाही.
मुकादम सुपात हात घालायचा,
ही सैल, ही आखूड,
मूठभर बाजूला.
पैसे नाहीत, विडीही परत नाही.
आम्ही पदर झटकून उठायचो.

निंगव्वा म्हणाली, काल आईच्या एकशेदहा गेल्या.
अश्लेषा म्हणाली, आमच्या साठ.
मॅडम एवढंच म्हणाल्या, लिहा.

वही आली आणि लगेच भांडण.
आकडे कुणाचे काढायचे?
मी वाकून बघितलं,
निंगव्वाच्या आकड्याच्या तोंडालाच शून्य.
"पुढं शून्य कशाला गं?"
"अज्जी, अदु सोन्ने अल्ल.
तो एक आहे. आमचा एक गोल असतो."
साठ वर्षं ह्या गावात बसच्या पाट्यांखाली उभी राहिले
आणि एकाला शून्य समजत आले.
शेवटी फोनवरचे आकडे घेतले.
मुकादमालाही तेच वाचता येतात.

तीन महिने. एकोणीस घरं.
बेरीज तस्लीमनं केली, दोनदा तपासली:
एक लाख सतरा हजार विड्या.
पोरींना तो आकडा होता.
मला ते माझे एकशेसतरा दिवस दिसले,
मांडी घालून, पाठ वाकवून, फुकट.

मुकादमाला कुणी सांगितलं कोण जाणे,
शुक्रवारी तोच जिना चढून आला.
"काय शिकवता हो इथं पोरींना?"
संपदाचा भाऊ चपलांमधून उठला,
दारात आडवा झाला.
"काका, पाटी वाचा."

मग पोरीच बाहेर आल्या.
वही तस्लीमच्या हातात.
तिनं आकडा वाचला,
समोरच्या भिंतीला सांगावा तसा.
तो माडीवरून उतरला, रस्ता ओलांडून
पलीकडच्या गिरणीत गेला असावा,
कारण गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला.

पुढच्या आठवड्यात छाट निघाली नाही असं नाही.
निघाली.
पण मोजून निघाली, तोंडानं,
एक, दोन, तीन,
आणि बाया समोर बसून ऐकत होत्या.

साडेसहाला कुलूप लावायचा नियम आहे.
त्या शुक्रवारी साडेसात झाले.
किल्ली सापडत नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं.
कनवटीला हात लावत नव्हते, एवढंच.