पहूरच्या अलीकडे चार बोटं

गाडी पुन्हा थांबली.
पहूरच्या अलीकडे चार बोटं.
काल थांबली होती, तिथंच.

माळ्यावर आठ फुटी फळी,
फळीवर पाचोरा ते जामनेर,
मधे शेंदुर्णी, जिथं मी खरोखरचा बसलोय
माझ्याच घड्याळाच्या दुकानावर, उकिडवा,
डोळ्यात भिंग धरून.

आधी पॉलिश पेपरनं घासायचो.
रूळ आरशासारखे लखलखायचे
आणि आठवड्यात पुन्हा काळे.
भिंगातून पाहिलं तेव्हा कळलं,
दर घासणीला मीच नांगरत होतो रुळाचं शेत,
सरीसरीत काळं बसायला जागा करून देत होतो.

आता फक्त शाईचं खोडरबर,
मग धुवट धोतराची चिंधी,
फेगडे कंपाउंडरनं दिलेलं स्पिरिट,
आणि हात असा,
की बाळाच्या हिरड्या पुसतोय.

दिवाळी झाली की पलीकडे जिनिंग सुरू होतं.
हवेतला कापूस दिसत नाही,
पण इंजिन उताणं केलं की आसाला सापडतो,
जणू चाकांनी रात्रभर वाती वळल्या.
चिमट्यानं काढतो एकेक.
वैशाखात पत्रे तापतात, रूळ लांबतात,
म्हणून प्रत्येक सांध्यात पोस्टकार्डाएवढी फट.
एका साली विसरलो होतो.
भागदरा कुबड काढून उभं राहिलं.

हे सगळं ठीक.
पण पहूर?
चाकं पुसली. सांधा मीटरनं तपासला.
तार नव्यानं डाखली.
दोन दिवस धावली, तिसऱ्या दिवशी तिथंच.

रविवारी हर्षाली आली,
सुपडू फाटकवाल्याची नात,
हातात भाकरी, भाकरीवर शेंगदाण्याची चटणी.
फळीपाशी आली नि रुळावर बोट टेकवलं:
"माह्या आजा अठीच बसे ना?"
अठीच.
पहूरच्या अलीकडे.
सुपडूला जाऊन सहा वर्षं झाली,
गाडी त्याच्या आसपासच बंद पडली, खरी गाडी.

ती गेल्यावर भिंग लावलं.
रुळावर तेलाचा ठसा,
एवढुशा बोटाची अर्धी भोवरी.
स्पिरिटची बाटली उघडली
आणि बराच वेळ नुसतीच धरून बसलो. वास उडत राहिला.

पुढच्या रविवारी चिंधी तिच्याच हातात दिली.
तिनं आधी फ्रॉकला बोटं पुसली.
"जोर नको लावू."
"इतकं?"
"त्याहून हळू."
जीभ बाहेर काढून तिनं पाचोऱ्यापर्यंत पुसत नेलं,
वरखेडीला चिंधी फिरवून घेतली, न सांगता.

मग बटण.
शेंदुर्णी सुटली.
दिवा थरथरला नाही.
चार बोटांची ती जागा
गाडीनं अशी ओलांडली, जसं तिथं कधी काही नव्हतंच,
आणि पहूरला येऊन उभी राहिली.

"आता काऊन थांबली?"
"पहूर आलं म्हणून."