साडेचार मिनिटं

हुफूफच्या या प्रयोगशाळेत एसी इतका कडक
की जूनमध्येही मी स्वेटर घालतो.
बाहेर सत्तेचाळीस. दारातल्या खजुराचे घड
जाळीच्या पिशव्यांत बांधलेले.

लग्नाआधीच्या नळ्या आज एकोणतीस,
म्हणजे कुणाचा तरी जोडीदार अजून यायचाय.
बाकीच्या दोन-दोन करून रबरबँडात.
हे नियमात नाही, खालची नर्स आपली करते.
मला कळू नये तेवढं कळतं त्यानं.

मशीन थेंबभर घेतं, पेशी फोडतं,
लाल पाणी ढकलतं करंगळीएवढ्या स्तंभात.
आतल्या पुडीवर ऋण भार,
रक्तातलं जे धन, ते चिकटून बसतं.
मग मीठ. थोडं, मग अजून थोडं.
ज्याची पकड कच्ची, तो आधी सुटतो:
मिनिटाभरात आईच्या पोटातलं, उरलंसुरलं;
अडीचला थोरलं शिखर, जवळपास सगळ्यांचं;
साडेतीनच्या पुढे एक टेकाड,
आणि रेघ खाली येते.
पुष्कळांची खालीच राहते.
नाही राहिली, तर साडेचारला सुळका.

अक्राणीत आमच्याकडे याला नाव नव्हतं.
थंडीत रूपसिंगचे सांधे धरायचे,
बाबा म्हणायचे, वाढतं अंग आहे.
चौदा वर्षांचा होता, होळी आठ दिवसांवर.
पुढे शाळेत व्हॅन आली, बोटाला सुई टोचली,
मला कार्ड मिळालं: वाहक.
इकाम्यामागे पाकिटात आहे अजून.

इथे मला वसावे कुणी म्हणत नाही.
अरबीत व नसतो, म्हणून फसावे.
अब्दुलमोहसिन गहवा ओततो नि सांगतो,
तुमचा एस नि आमचा एस एकाच घराण्यातला,
फसावे, आपण चुलतभाऊ.
मग चुलतभावाची रजा नामंजूर करतो.

सतरावी जोडी. त्याचं अडतीस टक्के.
तिचं एकोणचाळीस.
कंट्रोल पाहिला, दाब पाहिला, तापमान पाहिलं,
पुन्हा चालवलं दोघांना.
स्तंभ जुना झाला असेल, असंही वाटून घेतलं.
साडेचारला दोघंही हजर, वेळेवर.

रिपोर्टात मी फक्त आकडे लिहितो.
चारातलं एक, हे डॉक्टर सांगतील,
आणि लग्न करायचं की नाही हे तरीही त्यांचंच.

रूपसिंगचं रक्त कुठल्याच स्तंभातून गेलं नाही.
पण आलेख मला काढता येतो, पेन्सिलीशिवाय:
साडेचारला उंच,
आणि अडीचची जागा कोरी,
जिथे सगळ्यांचं असतं तिथे.

पाचला स्तंभ धुवायला लावतो, भरपूर मिठात.
सतराव्या जोडीचा रबरबँड मनगटावर राहिलाय.
नळ्या फ्रीजमध्ये सात दिवस ठेवायच्या असतात.
परत लावतो तो, दोन फेऱ्यांनी.
एकोणतिसावी नळी
शेजारी, सुटी.