कड

दिग्रसला चष्म्याच्या दुकानात मी काचा घासते.
अर्ध्या नंबरचा फरक गिऱ्हाइकाला पटवायचा,
हाच धंदा.
ही साधी तीनशेची, ही कोटिंगवाली नऊशेची.
"ताई, दिसायला तर सारख्याच."
मी म्हणते, रात्री गाडी चालवून पाहा.

म्हणून रेवनाथ उईके माझ्याकडेच आले.
शाळेच्या प्रयोगशाळेतून परिचर म्हणून निवृत्त,
पिशवीत दोन आरसे, जुन्या धोतरात गुंडाळलेले,
दोन्ही सहा इंची, दुर्बिणीचे.
एक साडेचार हजारांचा.
एक साडेपंधरा हजारांचा, त्याच्यासोबत छापील कागद:
चूक, प्रकाशाच्या लाटेचा दहावा हिस्सा.
स्वस्तासोबत नुसता दुकानदाराचा शब्द.
"आठ दिसात एक वापस कराचा हाये. सांग, कोणता?"

शटर अर्धं ओढलं.
एक दाढीचं ब्लेड, एक एलईडी,
आठ फुटांवर स्टुलावर आरसा.
ब्लेड किरणात सरकवलं की काचेवर सावली चढते,
टेकडीवर संध्याकाळ चढावी तशी.
महागड्यावर ती कुठे अडखळली नाही.
स्वस्ताच्या काठाला उजेडाची एक बारीक रेघ राहिली.
"कड पडली आहे," मी म्हटलं.
घाईत थापलेल्या भाकरीसारखा
काठाला उतरला होता तो,
बोटाला कधीच कळणार नाही इतका.

काळ्या कार्डशीटचं कडं कापून
काठावर चिकटवलं.
अर्धा इंच आरसा गेला, आठ रुपये लागले.

सात रात्री त्यांच्या गच्चीवर.
खाली मळणीयंत्र, कुटाराची धूळ,
स्लॅब अकरापर्यंत तव्यासारखा.
दोन्हींत शनी सारखाच,
उकळत्या पाण्याच्या तळाशी पडलेलं नाणं.
अनुसयाबाई चहा ठेवून म्हणाल्या,
"अकरा हजारानं काय फरक पडला, बाप्पा?"
मला उत्तर सुचलं नाही.
दुकानात लगेच सुचतं.

आठवी रात्र अरुणावतीच्या धरणभिंतीवर.
वारा नाही. पाणी इतकं थांबलेलं
की त्यातही तारे हलत नव्हते.
महागड्यात शनीच्या कड्यामध्ये काळी फट,
सलग, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.
स्वस्तात दोन टोकांना होती,
मध्ये नव्हती.
किंवा होती. खरं सांगायचं तर
मी ती आधी महागड्यात पाहिली होती.

मग रेवनाथजी वाकले.
एकात पाहिलं, दुसऱ्यात पाहिलं,
पुन्हा पहिल्यात, खूप वेळ.
"दोन्हीत सारखंच दिसून राह्यलं.
पांढरं."

मी मोबाइलचा उजेड त्यांच्या डोळ्यावर धरला.
बुबुळामागे दूध साचलेलं.
आठ दिवस मी आरसे तपासत होते.

यवतमाळच्या शिबिरात पुन्हा तोच प्रश्न:
फुकटची लेन्स, की बाहेरची, अठरा हजारांची?
"डोळा माहा एकट्याचा," ते म्हणाले,
"आरशात पोट्टे पाह्यतीन."
मी, नऊशेची काच विकणारी,
त्यांना अडवलं नाही.
अनुसयाबाई अजून माझ्याशी
नीट बोलत नाहीत.

हिरवा चष्मा उतरला त्या आठवड्यात
ते एकटेच सायकलने धरणावर गेले.
सकाळी दुकानाच्या पायरीवर येऊन सांगितलं, "दिसली."
मी विचारलं, टोकांना की सगळीकडे?
"दिसली," ते म्हणाले,
आणि शाळेच्या दिशेने निघून गेले.

स्वस्त आरसा दुकानदाराने परत घेतला नाही,
काठावर माझ्या चिकटपट्टीचा डाग होता.
साडेचार हजार मी भरले.
आता तो काउंटरवर टांगला आहे.
नवी फ्रेम लावून गिऱ्हाइकं त्यात वाकून पाहतात,
चेहरा मोठा दिसतो म्हणून खूश होतात.
कडेची चूक
अजून एकालाही दिसलेली नाही.