साडेदहा अंश

गड्ड्याची जत्रा चालू होती, त्या आठवड्यातली गोष्ट.
रात्री दोनला नायनांचा फोन,
अक्कलकोट रोडच्या डाय हाऊसमधून:
"अम्मायी, ते मासळीच्या वासाचं औषध
कॅनमध्ये घट्ट बसलंय. हलवलं तरी डुचमळत नाही.
मालक म्हणेल, इरय्यानं झाकण उघडं ठेवलं.
पगारातून कापेल."

नायना सगळ्यालाच औषध म्हणतात,
रंगाला, मिठाला, कॉस्टिकला.
या कॅनवर निळ्या अक्षरांत लिहिलंय मोनोइथेनॉलअमाइन.

"थंडी किती आहे तिकडे?"
"वाफ निघायलीय की तोंडातून."
"मग ते गोठलंय, नायना. खराब नाही झालं.
साडेदहा अंशाला गोठतं ते."
सोलापुरात त्याला गोठायची संधी मिळते कधी!
मेमध्ये चव्वेचाळीसच्या उन्हात, पत्र्याखाली
जाड पाणी होऊन पडलेलं असतं गप्प.

फोन ठेवला. झोप गेली ती गेलीच.
दोन कार्बन, शेजारी शेजारी.
एका टोकाला नायट्रोजन, अमोनियाच्या घरचा,
दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन, अल्कोहोलच्या वळणाचा.
आमच्या घरासारखंच म्हणायचं:
चुलीपाशी तेलुगू, उंबऱ्यापाशी मराठी,
मधे दोन पावलांची जागा,
तिथे शब्द कुठल्या बाजूचा आहे ते आम्हालाही कळत नाही.
शाळेच्या फॉर्मवर 'मातृभाषा' मी दोनदा खोडली होती.
रेणूला कुणी फॉर्म देत नाही.
आम्ल आलं की नायट्रोजन पुढे होतो,
पाणी आलं की दोन्ही टोकं हात देतात.

अठराशे साठच्या सुमाराला, पॅरिसमध्ये,
कुणीतरी अमोनियाचं पाणी एका क्लोरीनवाल्या अल्कोहोलसोबत तापवलं.
हाती आलं ते एकटं नव्हतं.
अमोनियाला हायड्रोजन तीन;
कुठे एक सुटला, कुठे दोन, कुठे तिन्ही,
आणि तिघं भाऊ एकाच भांड्यात, एकाच वासाचे.
त्यांची वाटणी व्हायला आणखी सदतीस वर्षं गेली,
माणूसही दुसरा लागला,
उकळबिंदूंवर डोळा ठेवून बसणारा.
पुस्तकात याला दोन ओळी.
मी कॉलेजच्या लॅबमध्ये काचसामान धुते,
म्हणून मला वेगळाच प्रश्न पडतो:
त्या सदतीस वर्षांत नळ्या कोण धूत होतं?

आणि हेच, हेच औषध
चरबीला जोडलेलं, फॉस्फेटच्या गाठीनं,
पेशीच्या पडद्यात असतं. मेंदूत तर भरपूर.
नायना ज्याला वासावरून शिव्या देतात
तेच त्यांच्या डोक्यात बसून शिव्या आठवून देतं.

आणखी एक खोड आहे त्याची.
थंड असताना कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं,
तापवलं की सोडून देतं.
अम्मा तशीच.
गप्प आहे तोवर सगळं धरलेलं,
तापली की लग्नातल्या चादरींचा हिशेबसुद्धा बाहेर.

सकाळी स्कूटीवर गेले.
गच्चीवर वाळत घातलेले टॉवेल, ओळीनं,
त्यांच्या कडेला, उन्हात, कॅन.
कॅनशेजारी नायना, पाय पसरून,
बोटांच्या पेरांत जुना निळा रंग, भेगांतून उतरलेला.
"हातमोजे?"
"आहेत की." कुठे ते सांगितलं नाही.
त्यांनी कॅनला कान लावला, हलवलं.
आत काहीतरी सरकलं, मग डुचमळलं.

"नाव काय म्हणालीस त्याचं?"
मी सांगितलं, हळू, तोडून तोडून.
त्यांनी तोंडात घोळवलं
आणि शेवटी आपला एक उकार लावला:
इथेनॉलअमीनु.
आता ते आमच्या घरातलं झालं.

"मालकाला सांगू नकोस, लवकर वितळलं म्हणून,"
नायना म्हणाले, डोळे मिटून.
"एकतीस वर्षांत पहिल्यांदा बसलोय
कामाच्या वेळेत उन्हाला."