चौथी वाट

ब्लाउजचा हुक वाकडा निघाला की
मी तो खालच्या उजव्या दाढेत धरायचे,
कचकन दाबायचे.
पकड होती दुकानात, गल्ल्याखाली.
पण दाढ जवळ होती.

तीस वर्षांत किती हुक चपटे केले
मी हिशेब ठेवला नाही.
दाढेनं ठेवला.

आधी थंड पाणी झोंबलं. मग चहा.
मग रात्री आडवं झालं की ठणका,
जबड्यातून कानात, कानातून कानशिलात,
अंधारात कुणी पायडल मारतंय
आणि कापड पुढं सरकत नाही.
लवंग धरली. तुरटीच्या गुळण्या केल्या.
शेजारच्या सुगलाबाईनं मिश्री आणून दिली.
एका सकाळी दुखणं एकदम बंद.
मी मारुतीला नारळ फोडला
आणि लग्नसराईच्या कापडाला बसले.

"थांबलं म्हणजे बरं झालं नाही, मावशी,"
डॉक्टर निखत म्हणाली.
"सांगणारी नस मेली, एवढंच."
फोटो उजेडाकडं धरला.
मुळाच्या टोकाशी मसुराएवढी सावली.
ती हाड खात होती. गुपचूप.

घरचे म्हणाले होते, उपटून टाक, तीनशेत मोकळी होशील.
माझी आई अशीच मोकळी झाली, एकेक करत,
पन्नाशीच्या आत.
शेवटी शेवटी फुटाणे मागायची,
वाटून दिले तर रागवायची.

या निखतचा पहिला युनिफॉर्म मी शिवलेला.
आकाशी कुर्ता, पांढरी सलवार,
वाढत्या अंगाची पोर म्हणून
शिवणीत दोन इंच माया ठेवून.
आता ती म्हणते, आ करा. अजून मोठा.

सुई दिली. गाल परका झाला.
रबराचं हिरवं कापड ताणून लावलं,
त्याला काज पाडल्यासारखं एक भोक,
भोकातून वर आलेली एकटी दाढ.
मग तिनं डबी उघडली.
केसाएवढ्या कानशी,
त्यांच्या मुठी पांढऱ्या, पिवळ्या, तांबड्या, निळ्या.
अगं, ही तर माझी रिळांची पेटी!
हसू आलं, पण हसता येईना.

आधी माप.
कानस मुळाच्या टोकाला टेकली की
यंत्र टिटवीसारखं ओरडायचं.
"साडेएकोणीस," ती म्हणाली,
पलीकडच्या पोरीनं लिहून घेतलं.
हे मला कळलं.
माप न घेता कात्री चालवणारा कारागीर
मी दुकानात उभा केला नाही कधी.

तीन वाटा सापडल्या.
चौथी असते, नसतेही, म्हणाली,
पण असून राहिली तर सगळं वाया.
भिंगातून शोधत बसली.
बाहेर देगलूरची गाडी लागली, भरली, सुटली.
तिला घाई नव्हती.
मी छताची ओल बघत
आठवत होते, किती अस्तरं मी
आत कोण बघतंय म्हणून तशीच सोडली.

"सापडली."

कुजलेलं खरवडून काढलं, धुतलं.
कपडे पांढरे करायच्या पाण्याचा वास.
दहा दिवसांनी परत.
मग झाडाच्या चिकाच्या गुलाबी काड्या
चारी वाटांत, अगदी टोकापर्यंत.
त्यावर टोपी. पैसे दोन हप्त्यांत.
कुठं उंच लागतंय ते बघायला
निळा कागद चावायला दिला,
माझ्याच कार्बनचा भाऊ.

आता दाढ आहे, पण तिला काही कळत नाही.
थंड नाही, गरम नाही.
परवा कडक धपाटं उजवीकडून खाल्लं
आणि खाऊन झाल्यावर लक्षात आलं.

शेवटच्या खेपेला तिच्या कोटाचं बटण लोंबत होतं.
सुईदोरा माझ्या पर्समध्ये असतोच.
बटण लावलं, गाठ मारली,
सवयीनं दात दोऱ्याकडं गेले.

"मावशी!"

ट्रेमधली कात्री तिनं पुढं केली.
बोथट होती.
म्हटलं, बुधवारी पाठवून दे,
धारवाला येतो माझ्या दुकानासमोर.